गरजांची बेरीज

संपादकांनी फोनवर सरळच विचारलं, ‘इंग्लंडमध्ये गरिबांना घर फुकट मिळतं म्हणतात आणि ते कुणाला द्यायचं हे तुम्ही ठरवता. कसं ठरवता, ते आमच्या वाचकांसाठी लिहा ना.’ या दोन वाक्यांत दोन गैरसमज आहेत. लंडनमधल्या मराठी घरांतही ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. घर फुकट मिळत नाही, भाड्याने मिळतं. आणि ते कुणाला मिळणार हे मी ठरवत नाही, नियम ठरवतात. त्या नियमांवर माझा विश्वास आहे, पण गेल्या हिवाळ्यातल्या एका प्रकरणापासून त्यांतला एक नियम मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून लिहायला हो म्हटलं.

मी पूर्व लंडनमधल्या एका हाउसिंग असोसिएशनमध्ये घरवाटपाचं काम बघते. आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीशी तिची गल्लत करू नये. आपल्याकडे सभासद फ्लॅटचे मालक असतात. इथे मालकी संस्थेची आणि राहणारे तिचे भाडेकरू. संस्था नफा वाटून घेत नाही, उरलेला पैसा दुरुस्तीत आणि नव्या बांधकामात घालते. ही परंपरा जुनी आहे. लंडनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन बँकर जॉर्ज पीबडी यांनी १८६२ मध्ये शहरातल्या गरिबांसाठी मोठी देणगी दिली. तिच्यातून उभी राहिलेली संस्था आजही घरं भाड्याने देते. विसाव्या शतकात काउन्सिलांनी, म्हणजे इथल्या पालिकांनी, लाखो घरं बांधली. मग १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना ती सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरं अशी विकली गेली आणि तेवढी नवी बांधली गेली नाहीत. आज इंग्लंडच्या प्रतीक्षायाद्यांवर सुमारे तेरा लाख कुटुंबं आहेत. वर्षाला नव्याने भाड्याने दिली जाणारी सामाजिक घरं अडीच लाखांच्या आसपास असतात. त्यांतही बरीच घरं एका सामाजिक घरातून दुसऱ्यात जाणाऱ्यांना लागतात. माझं सगळं काम या दोन आकड्यांमधल्या अंतरात चालतं.

एक घर रिकामं झालं की काय होतं ते सांगते. जुना भाडेकरू बहुधा सोमवारी किल्ली परत करतो, कारण इथे सामाजिक घरांची भाडी पूर्वापार आठवड्याच्या हिशेबाने चालतात. आम्ही त्या घराला ‘व्हॉइड’ म्हणतो. गॅस आणि विजेची तपासणी होते, कुलूप बदललं जातं, बुरशी किंवा गळती असेल तर दुरुस्ती होते. रिकाम्या घराचं भाडं बुडत असतं, त्यामुळे प्रत्येक दिवसाचा हिशेब वरून मागितला जातो. इकडे काउन्सिलबरोबर आमचा नॉमिनेशनचा करार असतो. यादी काउन्सिलची आणि घरं आमची, म्हणून रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी ठरलेला हिस्सा काउन्सिलने पाठवलेल्या कुटुंबांना द्यायचा. हा हिस्सा साधारण निम्मा असतो, मोठ्या घरांच्या बाबतीत बऱ्याचदा जास्त.

यादीत पुढे कोण, हे १९९६ च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या सहाव्या भागावर उभं आहे. त्यात पाच प्रकारच्या लोकांना रास्त अग्रक्रम द्यायला सांगितलं आहे: जे बेघर आहेत; ज्यांची बेघर म्हणून जबाबदारी काउन्सिलने घेतली आहे; जे अस्वच्छ, दाटीच्या किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहतात; ज्यांना आजारपणामुळे, अपंगत्वामुळे किंवा कल्याणाच्या दृष्टीने जागा बदलणं भाग आहे; आणि ज्यांना विशिष्ट भागात राहायला मिळालं नाही तर हाल होतील. या पाचांची उतरंड कशी लावायची, हे मात्र कायद्याने प्रत्येक काउन्सिलवर सोडलं आहे. सगळी भांडणं तिथेच सुरू होतात.

दाटीचंच उदाहरण घ्या. १९३५ च्या कायद्यातली कसोटी आजही जिवंत आहे. तिच्यात बैठकीची खोलीसुद्धा झोपण्याची म्हणून धरतात, एक वर्षाखालचं बाळ मोजतच नाहीत आणि दहा वर्षांखालचं मूल अर्धं माणूस धरतात. हे माप फारच ढिलं आहे. म्हणून बहुतेक काउन्सिलं नवं माप वापरतात: जोडप्याला एक खोली, एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक व्यक्तीला एक, दहा ते वीस वयाच्या दोन भावांना किंवा दोन बहिणींना मिळून एक, दहाखालच्या दोन मुलांना मिळून एक. भाड्याच्या सरकारी मदतीचे नियम आणखी वेगळे. २०१३ पासून सामाजिक घरात एक खोली जास्त असली तर त्या मदतीसाठी धरल्या जाणाऱ्या भाड्यात १४ टक्के आणि दोन किंवा जास्त असल्या तर २५ टक्के कपात होते. म्हणजे एकाच कुटुंबाला किती खोल्या लागतात, याचं उत्तर दोन नियमांनी वेगवेगळं येऊ शकतं. हे अर्जदाराला समजावता समजावता कधीकधी सकाळ संपते. वाचकहो, इथे तुम्ही वाट चुकला असाल तर दोष तुमचा नाही.

घर तयार झालं की त्याची जाहिरात होते आणि यादीतले लोक त्यावर ‘बिड’ करतात. यात पैशाची बोली नसते. मला हे घर चालेल, एवढंच कळवायचं असतं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात निघालेली ही पद्धत इंग्लंडने २००० च्या सुमारास उचलली. ज्यांनी पसंती कळवली त्यांची यादी संगणक आधी बँडनुसार, म्हणजे गरजेच्या गटानुसार, आणि एका बँडमध्ये तारखेनुसार लावतो. पहिला कोण ते असं ठरतं. मग आम्ही कागदपत्रं तपासतो, घर दाखवतो, करार करतो. पहिलं वर्ष बहुधा चाचणीचं असतं.

महाराष्ट्रातले नातेवाईक विचारतात, ‘त्यापेक्षा म्हाडासारखी सोडत काढा ना, कुणाला बोलायला जागा नको.’ सगळे अर्जदार सारखे असतील तर सोडत न्याय्य असते. पण एकाच्या घरात नुसतीच गैरसोय असेल आणि दुसऱ्याच्या घरात डायलिसिसचं यंत्र ठेवायला जागा नसेल, तर दोघांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकणं म्हणजे बघायचंच नाही असं ठरवणं.

दुसरी तक्रार इथे रोज ऐकू येते: बाहेरून आलेल्यांना आधी घर मिळतं. आपले लोकही हे बोलतात, म्हणून मला जास्त लागतं. वर्क व्हिसावर आलेला पुण्याचा इंजिनियर या यादीला पात्रच नाही. त्याच्या व्हिसावर सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट असते. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला माणूसही पात्र नाही. निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्यावर तो पात्र होतो आणि मग इतरांसारखाच यादीत उभा राहतो. शिवाय २०११ च्या कायद्यानंतर बऱ्याच काउन्सिलांनी यादीत येण्यासाठी स्थानिक वास्तव्याची अट घातली आहे. नव्या करारांमध्ये दहापैकी सुमारे नऊ ठिकाणी मुख्य भाडेकरू ब्रिटिश नागरिक असतो. हे मी सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच बोलतो. त्याचा मला आता थकवा येतो.

नियमांवर माझा विश्वास का, हेही सांगायला हवं. एकेकाळी काउन्सिलचे लोक अर्जदाराच्या घरी जात, स्वयंपाकघर आणि अंथरुणं बघत आणि बाई टापटिपीची आहे की नाही यावर शेरा मारत. शेरा चांगला असेल तर नवं घर, वाईट असेल तर जुनाट वस्तीतलं. १९६९ च्या कलिंगवर्थ समितीने या पद्धतीवर कडक टीका केली. १९८४ मध्ये वंशसमानता आयोगाने हॅकनी काउन्सिलच्या वाटपाची चौकशी प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय कुटुंबांना गोऱ्या कुटुंबांपेक्षा निकृष्ट घरं दिली जात होती, हे तिच्यात दिसून आलं. एकूण पाहता अधिकाऱ्याच्या मर्जीला मोकळं रान मिळालं की तिच्यात त्याचे पूर्वग्रह शिरतात. आमच्या कामातला रूक्षपणा, ते बँड, त्या तारखा, या इतिहासातून आला आहे. मला त्याचा अभिमान आहे.

आता माझ्या आवडत्या वादाकडे येते. एका माणसाच्या तीन अडचणी असतील तर त्या तीन धरायच्या की एक? पूर्वी गुणपद्धत होती: दाटीचे इतके गुण, आजाराचे इतके, ओल असेल तर इतके, आणि सगळ्यांची बेरीज. दिसायला हे अगदी न्याय्य होतं. प्रत्यक्षात लोकांना आपला क्रमांक का घसरला ते कधीच कळत नसे. दोन गुणांसाठी डॉक्टरकडून चिठ्ठ्या आणाव्या लागत आणि दुःख जास्त चांगलं मांडता येणारा माणूस पुढे जाई. म्हणून ढोबळ बँड आले आणि बँडच्या आत प्रतीक्षेचा काळ.

ईस्ट लंडनमधल्या न्यूहॅम काउन्सिलने तर बहुतेक गरजूंना एकाच गटात घालून तारखेनुसार रांग लावली होती; अगदी टोकाच्या मोजक्या प्रकरणांसाठी वेगळी सोय होती. दोन बेडरूमच्या घरात मुलांसह राहणाऱ्या एका भाडेकरूने याला आव्हान दिलं. अपील न्यायालयाने ही योजना बेकायदा ठरवली. मार्च २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला. बॅरोनेस हेल आणि लॉर्ड न्यूबर्गर या न्यायाधीशांच्या म्हणण्याचा गाभा असा: कुणाची गरज कुणापेक्षा मोठी हे ठरवणं अवघड आणि मूलतः धोरणाचं काम आहे, न्यायालयासमोर एकच अर्जदार उभा असतो, यादीतले हजारो त्याला दिसत नाहीत, तेव्हा योजना तर्कहीन नसेल तर न्यायालयाने तिच्यात हात घालू नये.

या निकालाची बाजू मी आजवर प्रत्येक प्रशिक्षणात मांडत आले आहे. एकाला वर ढकललं की कुणीतरी खाली जातो आणि तो सुनावणीला हजर नसतो, हे तरुण सहकाऱ्यांना कळायलाच हवं. तारीख खोटं बोलत नाही, तिला उच्चार नसतो, तिला चांगलं इंग्रजी येण्याची गरज नसते.

मग गेल्या हिवाळ्यात आमचं एक घर रिकामं झालं. तळमजला, दोन बेडरूम, न्हाणीघरात उंबरठा नसलेला शॉवर. अशी घरं फार थोडी. यादीत पहिल्या दोघांचा बँड एकच होता. पहिलं एक वयस्क जोडपं. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, घर पहिल्या मजल्यावर, रात्री सोबतीला राहणाऱ्या काळजीवाहकासाठी दुसरी खोली हवी. दुसरी एक आई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा. मुलाचे स्नायू कमकुवत होत चाललेले, व्हीलचेअर लागलेली. काउन्सिलने बेघर म्हणून त्यांना तात्पुरत्या जागेत ठेवलेलं, ती जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. ती त्याला पाठीवर घेऊन जिने चढते, असं ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या अहवालात नोंदलेलं होतं. जोडप्याची नोंदणी काही महिने आधीची होती. घर त्यांना मिळालं. त्यांनाही त्या घराची खरी गरज होती आणि नियम तंतोतंत पाळला गेला.

नकार कळवायला मी स्वतः त्या आईला फोन केला. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘मी बेघर आहे आणि माझा मुलगा चालू शकत नाही. या दोन गोष्टी तुमच्याकडे एकच कशा झाल्या?’ मी बँडची रचना समजावली. उत्तर बरोबर होतं, तरी ते देताना मला ते पुरेसं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही.

तेव्हापासून माझं मत एका बाजूने सरकलं आहे. गुणपद्धतीकडे परत जावं असं मी म्हणणार नाही. बँड आणि तारीख बहुसंख्य घरांसाठी राहायलाच हवेत. पण तळमजल्याची, रुंद दारांची, व्हीलचेअर फिरेल अशी थोडी घरं या साध्या रांगेतून बाहेर काढावीत. ज्यांच्या गरजा एकावर एक साचल्या आहेत, त्यांची प्रकरणं तीन-चार जणांच्या समितीने एकत्र, नावं झाकून बघावीत. त्या समितीत अपंगत्वाचं काम जाणणारा एक माणूस असावा. ज्याला घर मिळालं नाही त्याला कारण लेखी द्यावं. काही ठिकाणी याच्या जवळपासची व्यवस्था आहे. ती अपवाद म्हणून न ठेवता नियमात लिहावी, एवढाच माझा आग्रह आहे. मर्जी परत येईल ही भीती मलाही आहे. त्यावर उपाय म्हणजे समितीचे निर्णय वर्षातून एकदा आकडेवारीसह प्रसिद्ध करणं: कुणाला दिलं, कुठल्या वंशाचे, कुठल्या वयाचे, कशासाठी.

यातून एकही घर वाढणार नाही, हे मला माहीत आहे. ती आई पुढे सरकली तर ते जोडपं थांबेल. वाटप कितीही शहाणपणाने केलं तरी टंचाई तशीच राहते आणि तिच्यावर बांधकाम हाच इलाज आहे. तरीही टंचाई आहे म्हणून वाटपाकडे दुर्लक्ष करणं मला पटत नाही. घरं कमी असतात तेव्हाच क्रमांक चुकल्याची किंमत सर्वांत मोठी असते.

वाटपाच्या योजनेत मोठा बदल करण्याआधी काउन्सिलने मसुदा आमच्यासारख्या संस्थांना पाठवून त्यांचं म्हणणं मागवावं, अशी कायद्यात तरतूद आहे. आमच्या भागातला मसुदा सध्या आला आहे आणि वरची सूचना मी संस्थेच्या उत्तरात लिहून दिली आहे. पुष्कळ काउन्सिलं अशा वेळी रहिवाशांचंही मत विचारतात. इंग्लंडमधल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या काउन्सिलने मत मागवलं तर तो मसुदा वाचा आणि उत्तर द्या, स्वतःला घर नको असलं तरी द्या. ज्यांना त्या घरांची सर्वांत जास्त गरज असते, त्यांना तो मसुदा वाचायला बहुतेक वेळा सवड मिळत नाही.