पोटात पाय

मराठी भाषेने काही प्राणी म्हणींमध्ये कायमचे बसवून ठेवले आहेत. गोगलगाय त्यांपैकीच एक. 'गोगलगाय आणि पोटात पाय' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात तो प्राणी क्वचितच असतो. असते ते वरवर गरीब दिसणारे, पण आतून बेरकी माणूस. गंमत अशी, की प्राणिशास्त्रानेही या प्राण्याच्या वर्गाला 'उदरपाद', म्हणजे पोट हाच ज्यांचा पाय आहे असे प्राणी, हे नाव दिले आहे. लोकांचे निरीक्षण आणि शास्त्राची परिभाषा येथे एकाच जागी येऊन पोहोचतात. या म्हणीचा खरा प्रत्यय मात्र येतो तो घरामागे लहानसे हरितगृह उभारून रोपे वाढवणाऱ्याला.

कोकणातल्या पावसाळ्यात कोवळी रोपे उघड्यावर टिकवणे कठीण असते. जोराच्या सरींनी देठ मोडतात, पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून एखादी गृहिणी बांबूचा सांगाडा उभा करते, वर प्लास्टिकचा कागद आणि बाजूंनी हिरवी जाळी लावते व आत मिरची, वांगी, झेंडू यांची रोपे तयार करते. तिच्या दृष्टीने ही नुसती हौस नसते. आठवडी बाजारात रोपांच्या जुड्या विकून जे चार पैसे येतात, त्यांतून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघायचा असतो. आणि एका सकाळी ती आत जाते, तो काल दोन पाने फुटलेल्या रोपांच्या जागी नुसते बुडखे उरलेले असतात. मातीवर आणि ट्रेच्या कडांवर चकाकणाऱ्या, वाळलेल्या रेषा असतात. चोर कोठेच दिसत नाही. त्याची वाट मात्र स्पष्ट उमटलेली असते.

हा चोर बहुधा पाठीवर शंख नसलेल्या गोगलगाईच्या रूपात येतो. शंख नसल्यामुळे उन्हापासून बचाव करण्यासाठी तिच्यापाशी ओलावा आणि अंधार यांशिवाय दुसरे काही नसते. म्हणून दिवसा ती कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, पालापाचोळ्यात दडून राहते आणि रात्री बाहेर पडते. जिभेसारख्या पट्टीवरील हजारो सूक्ष्म दातांनी ती पान खरवडून खाते. ती उभयलिंगी असल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. ओल्या मातीत साबुदाण्यासारख्या अंड्यांचे पुंजके सापडतात, ते याच कारणाने इतके असतात. हरितगृहात तिला हवे ते सारे आयते मिळते: सावली, दमटपणा आणि कोवळे अन्न. शिवाय जी जाळी रोपांचे रक्षण करते, तीच गोगलगाईंना खाणाऱ्या बेडकांना आणि भारद्वाजासारख्या पक्ष्यांनाही बाहेर अडवते. रोपांसाठी बांधलेले घर असे नकळत शत्रूचेही आश्रयस्थान होऊन बसते.

नुकसान दिसताच माणसाचा पहिला हात जातो तो मिठाकडे. मीठ पडताच गोगलगाईच्या अंगातले पाणी शोषले जाते आणि ती मरते. पण तेच मीठ पावलोपावली टाकत गेल्यास माती नासते आणि मग रोपेही जगत नाहीत. दुसरा मार्ग विषारी गोळ्यांचा. मेटाल्डिहाइड नावाचे विष यासाठी अनेक वर्षे वापरात आहे. परंतु ते खाऊन कुत्री, कोंबड्या आणि रानातले पक्षीही दगावू शकतात. याच धोक्यामुळे ब्रिटनने २०२२ साली उघड्यावरील बागांत व शेतांत त्याच्या वापरावर बंदी घातली. ज्या परसात कोंबड्या चरतात आणि लहान मूल रांगते, तेथे अशा गोळ्या पसरणे म्हणजे चोराच्या भीतीने घरालाच आग लावणे होय.

खरा उपाय संथ आहे, गोगलगाईइतकाच संथ. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत मातीचा वरचा थर सुकतो. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावेत. आतला पालापाचोळा आणि रिकाम्या कुंड्या हलवाव्यात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाटेत पसरून ठेवावे. रात्रभरात गोगलगाई त्याखाली गोळा होतात. सकाळी त्या चिमट्याने उचलून साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, कारण उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीचा प्रसार त्यांच्यामार्फत होतो आणि माणसाच्या मेंदूवरील आवरणाला त्यामुळे सूज येऊ शकते. वाफ्याभोवती टाकलेली राख त्यांना अडवते. मात्र ती कोरडी असेपर्यंतच. हे सारे एकदा करून भागत नाही. पावसाळा सरेपर्यंत रोज करावे लागते.

रोज सकाळी गोणपाट उचलताना मनात एक अवघड प्रश्नही उभा राहतो. हा जीव मुळात वाईट नाही. कुजलेली पाने खाऊन तो मातीची सेवाच करतो. शंख असलेली मोठी आफ्रिकी गोगलगाय तर स्वतःहून भारतात आलेली नाही. १८४७ मध्ये एका इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून तिची जोडी कोलकात्यात आणली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील शेतकऱ्यांची सोयाबीनची कोवळी पिके गोगलगाईंनी फस्त केली, तेव्हा माणसाच्या एखाद्या हौसेची किंमत किती दूरवर आणि किती उशिरा द्यावी लागते, हेच दिसून आले.

म्हणून शहाणी बागकर्ती गोगलगाईंचा समूळ नाश करण्याच्या मागे लागत नाही. जाळीच्या आत ती त्यांना राहू देत नाही. परंतु कुंपणाबाहेरच्या पाचोळ्याच्या ढिगात औषधही ओतत नाही. तेथे बेडूक असतात, आणि गोगलगाईंवर जगणाऱ्या काजव्यांच्या अळ्याही असतात. तिचा हिशेब मेलेल्या गोगलगाईंचा नसतो, वाचलेल्या रोपांचा असतो. बाजाराच्या दिवशी टोपलीत रचलेल्या जुड्या ती एकदा मोजते, त्यांवर ओले फडके घालते आणि पहिली एसटी गाठायला निघते.