रायफल पाहावी करून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. या दोन्ही गोष्टी मी करून पाहिल्या आहेत आणि दोन्हींचे हप्ते अजून चालू आहेत. तिसरी गोष्ट म्हणीत घालायचं जुन्या लोकांना सुचलं नाही, कारण त्यांच्या मुलींनी "बाबा, मला रायफल पाहिजे" असं कधी म्हटलं नसणार.

आम्ही कोल्हापूरचे. इथे पोरगं खेळाच्या नादी लागलं म्हणजे ते तालमीत गेलं, असं धरून चालतात. कुस्तीचं बरं असतं. लंगोट, दूध आणि माती. त्यातली माती फुकट. पण १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेतलं आणि आमचं गणित बिघडलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलं, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, हे मी जेवताना घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं. जणू मधली बहात्तर वर्षं मीच वाट पाहत उभा होतो. कन्येनं ते ऐकून घेतलं, आमटी वाढून घेतली आणि म्हणाली, "मग माझी रायफल कधी घ्यायची?"

ती वर्षभर क्लबात जात होती, हे मला ठाऊक होतं. फी मीच भरत होतो. पण तो उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पोहण्यासारखा, सायकलीसारखा, सहा महिने वाजून कपाटावर गेलेल्या हार्मोनियमसारखा प्रकार असेल अशी माझी समजूत होती. त्यातून ती डावरी. क्लबातल्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. दस्त्यावर गाल टेकायला जी फळी असते ती नेमकी उलट्या बाजूला. म्हणजे पोरगी वर्षभर दुसऱ्याच्या चपला उलट्या घालून पळत होती, आणि तरी बरी पळत होती.

चौकशी केली. दहा मीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. किंमत ऐकून तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला. डाव्या हाताची, परदेशी, नवी कोरी रायफल अडीच लाखांच्या पुढे. बाहेर पडतं काय, तर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा! आणि तो मारायचा कुठे, तर दहा मीटरवरच्या कागदाच्या मधोमध असलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर. म्हणजे आपण वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम देतो, त्याच्यावर. एवढ्याशा कामाला अडीच लाख? आमच्या हापिसात याहून मोठे ठिपके रोज चुकतात, कोणाचं काही बिघडत नाही.

अशा वेळी माणसाला मेहुणा असतो. आमच्या मेहुण्यांनी स्वतःचा सोलर बंब स्वतः जोडला आहे. तो चालतो, फक्त उन्हाळ्यात. ते म्हणाले, "दाजी, विकत कशाला? करून घेऊ. उद्यमनगरात माझ्या ओळखीचा लेथवाला आहे." मी हे क्लबातल्या सरांना सांगितलं. सरांनी मला बाजूला नेलं आणि १९५९ चा शस्त्र कायदा नावाची गोष्ट अस्तित्वात असल्याची हळू आवाजात आठवण करून दिली. "नळी आणि घोडा यांना हात लावायचा नाही. लाकडाचं काय ते करा."

लाकडाचं! मला तेवढंच पाहिजे होतं. एका मुलानं नवी रायफल घेतली होती आणि जुनी, उजव्या हाताची, नव्वद हजारांना द्यायला तयार होता. यंत्र त्याचं ठेवायचं, दस्ता मात्र डाव्या हाताचा नवा करून घ्यायचा. दीड लाख वाचले! दहा हजार विसार देऊन, नमुन्यासाठी जुना दस्ता पिशवीत घालून मी गावी सुतारमामांकडे गेलो. आमच्या घराची दारं, बहिणीच्या लग्नातले पाट आणि आजोबांची खुर्ची, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांनी दस्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ह्ये तर नांगराचं रुमणं हाय की."

"रुमणंच, मामा. पण शहरातलं."

मापं घेण्याचा कार्यक्रम घरी झाला. शिंप्याच्या टेपनं मी कन्येची मान, गाल, खांदा मोजला. मुठीचा साचा पाहिजे म्हणून कणकेचा गोळा करून तिला त्यावर हात दाबायला लावला. ती कणीक मग तीन दिवस फ्रीजमध्ये होती आणि ही रोज मला विचारायची, "याच्या पोळ्या करू का हिला पदक मिळेपर्यंत थांबू?"

पहिला दस्ता डिसेंबरात आला. जुन्या सागाचा, असा देखणा की देवघरात ठेवावा. त्यावर यंत्र बसवून वाण्याच्या काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे. नियमानं साडेपाचच्या वर चालत नाही. सातशे ग्रॅम लाकूड कुठून काढायचं यावर मामांनी आणि मी दोन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी मामांनी नव्या लाकडात दुसराच दस्ता घडवायला घेतला. तो वजनात बसला. कन्येनं क्लबात नेला, अंगात तो ताठ कॅनव्हासचा कोट चढवला, दस्ता खांद्याला लावला, आणि तिची मान कोंबडीसारखी पुढे आली.

"माप कशावर घेतलं?" सरांनी विचारलं.

"मुलीवर," मी म्हणालो. दुसरं कशावर घेणार?

"कोटावर घ्यायचं असतं हो. आणि डोकं रायफलीकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आली पाहिजे."

हे तत्त्वज्ञान मी सुतारमामांना सांगितलं. त्यांनी बिडी विझवली आणि तिसरा दस्ता घ्यायचा की नाही याचा विचार करायला महिनाभर मागून घेतला.

आता खरं सांगतो. तो महिना मी त्यांना अगदी आनंदानं दिला. त्यापुढचाही दिला. मामांच्या नातवाची मुंज, मग पेरणी, मग लाकूड वाळायला पाहिजे, ही सगळी कारणं मी घरी येऊन चवीनं सांगत असे. दस्ता लांबतोय याचं मला फारसं दुःख नव्हतं. मुदत ठेव मोडायची नव्हती, एवढंच त्याचं कारण नाही. हार्मोनियम कपाटावर जायला सहा महिने लागले होते. रायफलीला आठ धरले होते.

जूनमध्ये त्या मुलानं विसार परत पाठवला. त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं. बिचारा किती थांबणार? त्याच आठवड्यात कन्येची स्पर्धा झाली. साठ छर्रे, एकेकाला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. क्लबाच्या त्या उलट्या रायफलीनं तिनं ५९४ केले. मला आकडा कळला नाही, पण सर जवळ आले आणि म्हणाले, "हिच्या गालाला गाल मिळू द्या हो."

जुलैत ठेव मोडली. नवी रायफल आली. सुतारमामांना दाखवायला मुद्दाम बोलावलं. बघतात तो सगळी ॲल्युमिनियमची. गालाची फळी स्क्रू फिरवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे! मामांनी एक स्क्रू फिरवला, पुन्हा जागेवर आणला आणि म्हणाले, "ह्यात लाकूडच न्हाई. मग ह्याचा सुतार कोन?" दोन्ही दस्त्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. रायफल झालीच नाही तर पैसे कसले, म्हणाले. ही बाई मग त्यांच्या हातात बुंदीच्या लाडवांचा डबा देऊन मोकळी झाली.

परवा रविवारी माळ्यावरचं सामान लावताना सागाचा पहिला दस्ता ठेवायला मी कन्येच्या खोलीत गेलो. तो म्हणे माळ्यावर जायचा नाही, रोज लागतो. कशाला लागतो म्हणून मी तो उचलून खांद्याला लावला आणि समोर पाहिलं. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला पेन्सिलीचा एक ठिपका होता. मिनिटभरात माझे हात थरथरायला लागले, ठिपका छपरापासून फरशीपर्यंत फिरून आला. दस्ता खाली ठेवून जवळ गेलो. ठिपक्याच्या खाली बारीक अक्षरात डिसेंबरातली तारीख, आणि तिथून पुढे रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. एकेका दिवसाची एकेक.

मी मोजायला लागलो. दीडशेच्या पुढे गेलो असेन, तेवढ्यात हिनं चहाला हाक मारली आणि आकडा चुकला.