वेळेवर मागितलेली मदत

लग्नकार्यात किंवा पर्युषणात भेटीगाठी झाल्या की 'आमची नात अमेरिकेत डॉक्टरकीला आहे' असे कोणीतरी अभिमानाने सांगते. माझे थोरले बंधूही गेली काही वर्षे असेच सांगत आले आहेत. त्यांची नात न्यू जर्सीत जन्मली, तेथील एका विद्यापीठात शिकते आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे, हे सर्व खरे. परंतु ती अजून डॉक्टरकीला नाही. ती 'प्री-मेड' आहे. या दोहोंत किती अंतर आहे हे मला पुतण्याच्या घरी दोन महिने राहिल्यावर नीट उमगले. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले याच वाटेवर आहेत किंवा येऊ पाहत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' परीक्षा, मग साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप असा सरळ रस्ता आहे. अमेरिकेत बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. 'प्री-मेड' नावाची स्वतंत्र पदवी सहसा नसते. ती वैद्यकीय प्रवेशाची तयारी होय. पदवीचा मुख्य विषय इतिहास असो वा अर्थशास्त्र, त्यास हरकत नाही. मात्र जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह, आणि बहुतेक ठिकाणी जीवरसायनशास्त्रही, चांगल्या श्रेणीत पुरे करावे लागतात. त्यानंतर 'एमकॅट' ही परीक्षा. मधल्या सुट्या धरून ती सुमारे साडेसात तास चालते आणि तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात. मग अर्ज आणि मुलाखती. दरवर्षी ५०,००० हून अधिक उमेदवार अर्ज करतात आणि त्यांतील निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. त्यापुढे वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षे आणि रेसिडेन्सीची तीन ते सात वर्षे उभीच असतात.

ही व्यवस्था पहिल्यापासूनची नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्या हाती कोणतीही पदवी नव्हती. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे १८९३ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने ढिसाळ महाविद्यालयांचे वाभाडे काढले आणि विज्ञानाचा पाया आधी पक्का करून घेण्याची रीत रूढ झाली. हे फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, पेशाने शिक्षक होते.

आमची नात शाळेत नेहमी पहिल्या पाचांत असे. विद्यापीठात पहिल्याच दिवशी ती तीनशे विद्यार्थ्यांच्या व्याख्यानगृहात जाऊन बसली. तेथे बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिल्या पाचांतलाच होता. पहिले वर्ष कसेबसे निभावले. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्र आले. प्री-मेडच्या मुलांत या विषयाचा मोठा दरारा आहे. अनेकांचे डॉक्टर होण्याचे स्वप्न येथेच संपते. पहिल्या चाचणीत तिला १०० पैकी ४३ गुण मिळाले, दुसरीत ३८. तिने हे कोणालाही सांगितले नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती एकटी पाठांतर करीत राहिली, आणि घरी फोनवर 'सगळे छान चालले आहे' असे म्हणत राहिली.

शुल्क भरणाऱ्या बापाला याचा पत्ता कसा लागला नाही, असा प्रश्न आपल्या मनात सहज येईल. अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे. त्यानुसार मूल विद्यापीठात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील हक्क त्याचा स्वतःचा होतो. त्याच्या संमतीवाचून विद्यापीठे सहसा आईवडिलांना गुण कळवीत नाहीत. प्रगतिपुस्तकावर सही करून घेण्याचा काळ तेथे अठराव्या वर्षी संपतो. मुलाने स्वतः सांगितले तरच घराला कळते.

मी तेथे असताना ती एका शनिवारी घरी आली. ऑक्टोबरअखेरचे दिवस होते. जेवणात तिचे लक्ष नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला निघालो. मी वाणिज्य शाखेचा माणूस. रसायनशास्त्रात मला गती नाही. म्हणून गुण न विचारता मी एवढेच विचारले, "तुमचे सर शिकवतात कसे? तुला ओळखतात का?"

"तीनशे जणांत मला काय ओळखणार, आजोबा?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने ४३ आणि ३८ हे दोन्ही आकडे सांगून टाकले.

माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यांतील बरीच कर्ज विभागात. कर्जाचा हप्ता थकला की पहिल्या दिवसापासून ते खाते निगराणीच्या यादीत येते. नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरते. पहिलाच हप्ता चुकल्यावर जो व्यापारी स्वतः बँकेत येऊन 'साहेब, माल अडकला आहे, काय करता येईल?' असे विचारी, त्याच्यासाठी काही ना काही मार्ग काढता येई. जो लाजेपोटी तोंड चुकवी, त्याच्यासाठी नव्वद दिवसांनंतर आमचे हात बांधलेले असत. दोघांचा धंदा बहुधा सारखाच अडचणीत असे. फरक असे तो विचारण्याच्या वेळेत. हे मी तिला सांगितले आणि म्हणालो, "बाळ, तुझे नव्वद दिवस अजून भरलेले नाहीत. कोणाला विचारायचे, ते शोध."

प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातून काही ठरावीक तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवतो. त्यास 'ऑफिस अवर्स' म्हणतात. सोमवारी ती धीर करून तेथे गेली. इतरांची गर्दी परीक्षेच्या आदल्या दिवशीच होत असल्याने सर एकटेच बसले होते. त्यांनी तिला फळ्यावर एक उदाहरण सोडवायला लावले आणि पाच मिनिटांत तिची अडचण सांगितली. ती प्रत्येक अभिक्रिया पाठ करीत होती; इलेक्ट्रॉन कोठून निघून कोठे जातो हे बाणांनी दाखवून विचार करीत नव्हती. शेकडो अभिक्रियांमागची तत्त्वे थोडी असतात, ती कळली की पाठांतराचा भार हलका होतो.

मग ती शैक्षणिक सल्लागारांकडे गेली. त्यांनी तिच्यासमोर हिशेब मांडला. अंतिम परीक्षेत उत्तम गुण मिळाले तरी श्रेणी 'सी'च्या आसपासच राहणार होती. विषय सोडण्याची मुदत आठ दिवसांवर होती. मुदतीत सोडल्यास नोंदीत 'डब्ल्यू' हे अक्षर येते, पण सरासरीला धक्का लागत नाही. मुदत टळली तर मात्र मिळालेली श्रेणी कायमची. विषय पुन्हा घेतला तरी वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात दोन्ही श्रेणी मोजल्या जातात. तिचे एकूण १६ क्रेडिट होते, त्यांतील चार सोडून १२ उरत होते. पूर्णवेळ विद्यार्थी राहण्यास ते पुरेसे होते. तिने विषय सोडला.

माझ्या पुतण्याला हे सहज पचले नाही. "म्हणजे फीचे पैसे बुडाले, आणि वर नापास!" असे तो म्हणाला. त्याचे दुःख पैशांचे कमी आणि मुलीने आठ आठवडे काही सांगितले नाही याचे अधिक होते. मी त्यास एवढेच म्हणालो, की हे नापास होणे नव्हे, कर्जाची पुनर्रचना आहे. बाप-लेकीचा अबोला चार दिवस टिकला. पुढच्या सत्रात तिने तोच विषय पुन्हा घेतला, पहिल्या आठवड्यापासून सरांकडे गेली आणि 'बी प्लस' मिळवला.

नव्याने जाणाऱ्या मुलांना काय सांगशील, असे मी तिला निघताना विचारले. तिने सांगितले ते थोडक्यात असे. प्रत्येक विषयाचा आराखडा पहिल्याच आठवड्यात वाचून परीक्षांच्या आणि विषय सोडण्याच्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात. पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचे दोनापेक्षा अधिक विषय घेऊ नयेत. ऑफिस अवर्सना अडचण येण्यापूर्वीच जावे. पुढे शिफारसपत्र लागते तेव्हा ओळख असलेला प्राध्यापकच ते मनापासून लिहू शकतो. रुग्णालयातील सेवाकार्य आठवड्याला तीन-चार तासच करावे, पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी टिकून करावे.

तिची आणखी एक सूचना आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. जीवशास्त्राच्या काही वर्गांत मृत प्राण्यांचे विच्छेदन असते. ज्यांच्या मनाला ते पटत नाही, त्यांनी नाव नोंदवण्यापूर्वीच प्राध्यापकांना पत्र लिहून प्रतिकृती किंवा संगणकावरील पर्याय आहे का हे विचारावे. तिने विचारले होते आणि तिला पर्याय मिळाला. सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून विचारणे आधी हवे.

येथून मुलांना पाठवू इच्छिणाऱ्या पालकांना बँकवाला म्हणून माझी एक सूचना. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांचे अर्ज विचारातच घेत नाहीत. जी घेतात, त्यांतील काही पुढील वर्षांच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावयास सांगतात. तेथील सरकारी शैक्षणिक कर्जही परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. पदवीची चार वर्षे आणि घरची पुंजी खर्ची घालण्यापूर्वी ही चौकशी कागदोपत्री करावी.

आमची नात आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि एमकॅटची तयारी करीत आहे. तिला प्रवेश मिळेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. माझे बंधू मात्र दर रविवारच्या फोनवर आता "किती मार्क पडले?" असे विचारीत नाहीत. "या आठवड्यात कोणाला भेटलीस, काय अडले?" असे विचारतात, आणि ती बराच वेळ सांगत राहते.