ओलीची भिंत

धर्मगुरू झाल्यापासून मी किती घरांना आशीर्वाद दिला असेल, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. नवे घर उभे राहिले की लोक मोठ्या हौसेने बोलावतात. पवित्र पाणी शिंपडायचे, प्रार्थना म्हणायची, लाडू खाऊन परत यायचे. घर विकताना मात्र धर्मगुरूची आठवण कोणाला होत नाही. ते काम दलालाचे, वकिलाचे आणि रंगाऱ्याचे, असा आपला समज असतो. माझाही तोच होता. वसईतील आमचे स्वतःचे घर विकण्याची वेळ आली आणि तो समज मला सोडावा लागला.

आई गेल्यानंतर घर दोन वर्षे बंद होते. धाकटा भाऊ मुलांच्या शिक्षणासाठी मीरा रोडला राहायला गेलेला, बहीण तिच्या सासरी आणि मी बिशपमहोदय पाठवतील त्या धर्मग्रामात. बंद घर फार लवकर म्हातारे होते. कौले सरकली, खिडक्यांच्या चौकटींना वाळवी लागली, अंगणात गवत माजले. अखेर ईस्टरनंतर एका संध्याकाळी आम्ही तिघे ओटीवर बसलो आणि पावसाळ्यापूर्वी घर विकायचे, असे ठरले.

भावाने दलालाला बोलावले. मनुष्य अनुभवी होता. घरात पाऊल टाकताच तो म्हणाला, "फादर, गिऱ्हाईक उंबऱ्यावरच निम्मे मन बनवते." मग त्याने एकेक गोष्ट सांगितली. अंगण साफ करा, फाटकाचे बिजागर बदला, ठिबकणारा नळ दुरुस्त करा. निम्मे सामान हलवा, म्हणजे खोली मोठी दिसेल. घर दाखवायचे ते सकाळी दहाच्या सुमारास, कारण त्या वेळी ओटीवर चांगला उजेड असतो. त्याआधी दोन तास दारे-खिडक्या उघड्या ठेवा, बंद घराचा वास गिऱ्हाइकाला नकोसा वाटतो. किंमत गल्लीतील अलीकडच्या व्यवहारांवरून ठरवा, आठवणींवरून नव्हे. सुरुवातीलाच फार सांगाल तर घर पडून राहील आणि मग पडलेल्या भावात जाईल. भिंतीवरच्या तसबिरी उतरवा, कारण येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नव्हे.

हे शेवटचे वाक्य मला लागले, पण त्यात खोटे काही नव्हते. आईवडिलांच्या लग्नाचा फोटो, पवित्र हृदयाची तसबीर, आल्तारावरचा संत योसेफाचा पुतळा, सारे आम्ही जुन्या लुगड्यांत गुंडाळून पेटीत ठेवले. बदलीच्या वेळी दोन ट्रंका घेऊन निघण्याची मला सवय आहे. आपण अनासक्त आहोत, असा माझा काहीसा अभिमानही होता. भिंतीवर उरलेला खिळा पाहताना तो अभिमान टिकला नाही.

पुतळ्यावरून एक गंमत आठवते. कॅनडातील आमच्या चुलतभावाचा फोन आला. तिकडे घर लवकर विकले जावे म्हणून संत योसेफाची छोटी मूर्ती अंगणात उलटी पुरतात आणि त्यासाठी मूर्तीचे तयार संच दुकानांत मिळतात, असे त्याने सांगितले. ही प्रथा उत्तर अमेरिकेत खरोखरच आहे. मॉन्ट्रियलच्या ब्रदर आंद्रे यांनी टेकडीची जागा मिळावी म्हणून तिथे संत योसेफाची पदके ठेवली होती, अशी कथा तिच्याशी जोडली जाते. २०१० मध्ये संतपद मिळालेल्या या साध्याभोळ्या ब्रदरांची श्रद्धा निराळी आणि संताला जमिनीत डोके खाली करून ताटकळत ठेवणे निराळे. मी चुलतभावाला म्हटले, "अरे, योसेफ सुतार होता. त्याला विचारशील तर तो आधी वासे बदलायला सांगेल."

कागदपत्रे काढताना पहिली परीक्षा झाली. मिळकत पत्रिकेवर अजून बाबांचेच नाव होते. ग्रामपंचायतीच्या काळातील आणि २००९ साली महानगरपालिका झाल्यानंतरच्या घरपट्टीच्या पावत्या आईने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, पण वारसांची नोंद करायचे कोणाला सुचले नव्हते. भाऊ सहज म्हणाला, "ताईकडून हक्कसोडपत्र घेऊ. ती नाही म्हणणार नाही." ती नाही म्हणणार नाही हे खरे होते, आणि अडचण नेमकी तीच होती. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, म्हणून माझाही वाटा होता. माझी सही गृहीत धरता येत नसेल, तर तिची का धरावी? तिघांची नावे लागली आणि तिघांनी विक्रेते म्हणून सही करायची, असे ठरले. बहीण काही बोलली नाही. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातील चूल स्वतःच्या हातांनी लिंपली. विकायच्या घरातील चूल!

खरी परीक्षा पुढे होती. स्वयंपाकघराची मागची भिंत दर पावसाळ्यात ओल धरीत असे. जुलै २०१८ च्या पुरात घरात गुडघाभर पाणी शिरले, तेव्हापासून तिला लोणा लागला आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागले. गावातली बावखले बुजत गेली; पाण्याने तरी जावे कुठे? रंगारी म्हणाला, "फादर, खरवडून लांबी भरतो आणि रंगाचे दोन हात मारतो. चार महिने काही दिसणार नाही." भाऊ म्हणाला, "तोवर व्यवहार होऊन जाईल." मी गप्प राहिलो. भिंत पांढरीशुभ्र झाली.

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग उठल्यास काय करावे, हे सांगितले आहे. मालकाने याजकाला कळवावे, याजकाने येऊन भिंत पाहावी, घर सात दिवस बंद ठेवावे, डाग पसरला असेल तर दूषित दगड काढून नवे बसवावेत आणि नवा गिलावा करावा. गोरेगावच्या सेमिनरीत हा अध्याय शिकताना आम्ही विद्यार्थी हसलो होतो. याजक की गवंडी, असे कोणीतरी पुटपुटलेही होते. त्या रात्री मला हसू आले नाही. या घराचा मालकही मी आणि याजकही मीच होतो. चुना फासलेल्या कबरींची प्रभूची उपमा मी व्यासपीठावरून किती वेळा समजावून दिली होती!

आठवड्याने एक तरुण जोडपे आले. ती परिचारिका, तो रेल्वेत, सोबत लहान मुलगी. घर त्यांना आवडले. त्या बाईने त्याच भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे हिची खाट लावू." मी सांगून टाकले. ओल, पूर, लोणा, रंग, सगळे सांगितले. भावाने मान दुसरीकडे वळवली. जोडपे आभार मानून निघून गेले.

"दादा, तुला पगाराची चिंता नाही, घराच्या हप्त्यांची नाही. तुझे सत्य आम्हाला किती महाग पडते, ठाऊक आहे?" भाऊ म्हणाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानुसार, खरेदीदाराला साधारण दक्षतेने न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करायचा असतो, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण कायदा सांगून भाऊ जिंकता येत नाही. मी एवढेच म्हणालो, "दुरुस्तीचा खर्च माझ्या वाट्यातून कर."

गवंड्याने गिलावा विटेपर्यंत काढला, तेव्हा कारण सापडले. मागच्या पागोळ्यांचे पाणी थेट पायाशी पडून तिथेच साचत होते. आम्ही पन्हळ बसवली, गटाराला उतार दिला, भिंत नीट वाळू दिली आणि मग पाणी न शोषणारा गिलावा केला. पूर अडवणे आमच्या हाती नव्हते, पण दरवर्षीची ओल थांबवता येण्याजोगी होती. तोवर जून उजाडला. मी त्या जोडप्याला फोन केला आणि म्हणालो, "ऐन पावसात या आणि भिंत पाहा."

ती दोघे ऑगस्टमध्ये, मुसळधार पावसात, छत्र्या निथळत आली. भिंत कोरडी होती. किंमत आमच्या अपेक्षेपेक्षा थोडी कमी ठरली आणि घर पावसाळ्यापूर्वी नव्हे, तर गणपतीनंतर विकले गेले. संत योसेफाचा पुतळा बहिणीने नेला.

त्यांच्या वास्तुशांतीचे आम्हा तिघांना आमंत्रण होते. भाऊ येईल, असे मला वाटले नव्हते, तो आला. जेवणानंतर मुलीच्या खाटेपाशी उभा राहून त्याने भिंतीला तळहात लावला आणि त्या बाईला म्हणाला, "पन्हळीतला पालापाचोळा मात्र दर मे महिन्यात काढा हं."

घर विकताना ते सजवावे, झाडावे, उजेडात दाखवावे; त्यात काही गैर नाही. फक्त उद्या तिथे निजणारे मूल आपलेच आहे, असे समजून भिंत दाखवावी.