काट्याची थरथर

वडिलांच्या येझदीचा क्रँक गेला, तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बरीच पायपीट झाली. सगळीकडे सीएनसी, एका नगासाठी मशीन कोण अडवणार? येझदीचा मैसूरचा कारखाना तर 1996 लाच थांबला. शेवटी एका पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ आणि त्याहून जुने मिस्त्री भेटले.

या टू-स्ट्रोकचा क्रँक म्हणजे दाबून एकत्र बसवलेले तुकडे. मिस्त्रींनी तो दोन सेंटरांत धरला, डायल गेज लावलं, तांब्याच्या हातोडीने टोला दिला, पुन्हा फिरवला. काट्याची थरथर किंचित कमी झाली.

"घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

नव्हती. उलट गाडी सुरू झाल्यावर इथे यायला निमित्त काय काढायचं, हेच मनात घोळत होतं. सिलिंडरचं बोअरिंग अजून बाकी आहे. ओव्हरसाइज पिस्टन मिळाला तर.