सुइट हवाच, पण कुठला?

मुंबई-गोवा क्रूझवर सुइट घ्यायचाय? खोली ऐसपैस, बाल्कनी स्वतःची, बऱ्याच क्रूझवर चेक-इनची रांगही वेगळी. २०२१ साली मुंबईहून सुटू लागलेली ‘एम्प्रेस’ मूळची १९९०ची. त्या काळच्या बोटींवर बाल्कन्या मोजक्याच, म्हणून त्यांचा भाव जास्त.

पण एक गोष्ट ब्रोशर सांगत नाही. जहाज सगळ्यात कमी डोलतं ते मध्यभागी, खालच्या डेकवर. आणि सुइट बहुधा वर, नाहीतर पार टोकाला! माझ्या आईला मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा बोट लागते. तिच्यासाठी मी मधली, साधी खिडकीवाली केबिन घेतली. बाबा रुसले, त्यांना बाल्कनीत चहा हवा होता. तुम्ही बुकिंगआधी डेक प्लॅन मागाच. आणि डोक्यावर डिस्को नाही ना, तेही बघा.