आमच्या घरचा कडाब्रा

आमच्या पिढीला पोकेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर भेटला, तोही हिंदी बोलणारा. 2003 च्या सुमाराला तो कार्टून नेटवर्कवर लागायला लागला. वेफर्सच्या पुड्यांतून टाझो नावाच्या चकत्या निघायला लागल्या आणि शाळेच्या बसमध्ये त्यांची देवाणघेवाण सुरू झाली. हे सगळं मुळात एका गेममधून आलंय, हे आम्हाला घरात कॉम्प्युटर आल्यावर कळलं. जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 ला निन्टेन्डोच्या गेमबॉयवर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ ही जोडी निघाली होती. आमच्या घरी हा गेम पोचला तो तिसऱ्या पिढीतला, ‘एमराल्ड’, आणि तोही गेमबॉयशिवाय. दादाच्या मित्राने सीडीवर गेमबॉयचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एक एम्युलेटर आणि त्यासोबत गेम आणून दिला.

घर सांगलीचं, एकत्र कुटुंबाचं. काकांनी हिशेबाच्या कामासाठी घेतलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत असायचा, आजीने शिवलेल्या कव्हराखाली. दादा, ताई, मी आणि धाकटा अशा चौघांत गेम एक आणि सेव्हही एकच. कामं आपोआप वाटली गेली. बाणाची बटणं आणि झेड-एक्स दादाकडे. वही ताईकडे: कुठल्या गुहेत काय मिळतं, कोणत्या टाइपवर कोणता टाइप चालतो, सगळं तिच्या अक्षरात. धाकट्याकडे स्पेसबार, कारण तो दाबून धरला की गेम भराभर पळायचा आणि लेव्हल वाढवण्याचं कंटाळवाणं काम लवकर उरकायचं. मी गवतात कोण निघालं ते वाचून सगळ्यांना सांगायचो. पहिला पोकेमॉन कोणता घ्यायचा यावर मत घेतलं गेलं आणि मडकिप निवडून आला. त्याचं नाव आम्ही बाळ्या ठेवलं. शेवटपर्यंत तो बाळ्याच राहिला, स्वॅम्पर्ट होऊन अंगाने दांडगा झाला तरी.

भारनियमनाचे दिवस होते. लाईट गेली की यूपीएस टूं टूं करायला लागायचा आणि ‘सेव्ह कर, सेव्ह कर’ असा एकच गलका व्हायचा. तो थांबला की स्वयंपाकघरातून आजी विचारायची, “झालं का रे सेव्ह?” तिला गेममधलं काही कळत नव्हतं, पण त्या मिनिटाभरात नातवंडांचं काहीतरी मोलाचं बुडू शकतं एवढं तिने नेमकं ओळखलं होतं.

गेम चालू केला की दर वेळी एक निरोप यायचा: आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. खऱ्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी असते आणि तिच्यावर गेममधलं घड्याळ चालतं. आमच्याकडे कार्ट्रिजच नव्हतं. त्यामुळे गेममधल्या आमच्या होएन प्रदेशात लावलेल्या बेरीच्या रोपांना कधी फळ धरलं नाही आणि समुद्राला भरती-ओहोटी आली नाही. शोल केव्ह नावाच्या गुहेत पाणी ओसरल्यावर बर्फाची एक खोली उघडते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्यासाठी तिथे कायम पाणीच होतं.

त्या गेममध्ये ज्या जिम लीडरांना हरवून बॅज मिळवायचे असतात, त्यांतला पाचवा म्हणजे नायकाचा स्वतःचा बाप, नॉर्मन. बापाला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच्याकडे स्लेकिंग नावाचा एक आडदांड प्राणी आहे आणि त्याचा एकेक फटका आमच्या पोकेमॉनला आडवा करायचा. आम्ही हरत राहिलो. ताई वहीत प्रत्येक खेप लिहीत गेली आणि मग तिनेच सांगितलं, “दादा, हा एक खेप मारतो आणि एक खेप नुसता बसून राहतो. तो बसेल तेव्हा मार, तो मारेल तेव्हा औषध दे.” स्लेकिंगचा स्वभावच तसा घडवलेला आहे, ताकद प्रचंड आणि आळसही तेवढाच. त्या दुपारी नॉर्मन हरला आणि त्यानंतर दादा ताईला विचारल्याशिवाय एकही लढाई खेळला नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला सुटली नाही, ती म्हणजे कडाब्रा. ॲब्रा सोळाव्या लेव्हलला कडाब्रा होतो, हातात चमचा धरलेला, झपाट्याने वार करणारा. त्याच्यापुढचं रूप ॲलकझाम, हे टीव्हीमुळे माहीत होतं. आम्ही त्याला तीस, चाळीस, पन्नास लेव्हलपर्यंत चढवत नेलं, स्पेसबार दाबून दाबून धाकट्याचं बोट दुखायला लागलं, तरी तो होता तसाच. मचोक आणि ग्रॅव्हलर यांचंही तेच. पुढे सायबर कॅफेत जाऊन दादाने शोध लावला: हे पोकेमॉन लेव्हलने इव्हॉल्व्ह होतच नाहीत. ते दुसऱ्या खेळाडूला द्यावे लागतात. तार जोडून त्याच्या गेममध्ये पाठवायचे, की तिकडे पोचताच रूप बदलतं. आम्ही चौघं होतो, पण गेम एकच. द्यायचा कुणाला?

हे असं का, ते सातोशी ताजिरीची गोष्ट वाचल्यावर उलगडलं. ताजिरी टोकियोबाहेरच्या माचिदा भागात वाढला. लहानपणी तो ओढ्या-तळ्यांकाठी किडे गोळा करायचा, पुढे तिथे इमारती उठल्या आणि किडे गेले. 1983 मध्ये त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचं हाताने लिहिलेलं गेमविषयक नियतकालिक काढलं आणि पुढे त्याच नावाची कंपनी उभी राहिली. दोन गेमबॉय जोडणारी तार पाहिली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्या तारेवरून इकडून तिकडे सरपटत जाणारे किडे आले. पोकेमॉनचं बीज ते. म्हणून तर एकाच गेमच्या दोन आवृत्त्या, आणि प्रत्येकीत काही पोकेमॉन मुद्दाम गाळलेले. एकट्याने कितीही खेळा, संग्रह पुरा होत नाही. लढाया, बॅज, चॅम्पियन हे सगळं वरचं. या मालिकेचा गाभा देण्याघेण्यात आहे, असं माझं मत आज पक्कं आहे, आणि प्रत्येक नवा गेम मी याच कसोटीवर घासून पाहतो.

तेव्हा अर्थातच असं काही मनात नव्हतं. तेव्हा आमच्या घरात एमराल्डसारखा दुसरा गेम नाही, हे सर्वमान्य होतं, कारण तो कठीण होता. चॅम्पियन झाल्यावरही बॅटल फ्रंटियर उरतो आणि तिथे भल्याभल्यांची दमछाक होते. ‘फायररेड’ आम्ही नंतर खेळलो. ती पहिल्याच गेमची 2004 मधली नवी आवृत्ती, त्यामुळे जगाला जी सुरुवात वाटते ती आम्हाला उत्तरार्धासारखी भेटली आणि जराशी सोपी, साधी वाटली. आता उलट वाटतं. एमराल्डमध्ये जग वाचवायचं असतं, समुद्र आणि जमीन यांचं भांडण मिटवायचं असतं. फायररेडमध्ये एक पोरगा घराबाहेर पडून गावोगाव हिंडतो, वाटेत झोपलेला स्नोरलॅक्स रस्ता अडवून बसलेला असतो आणि लॅव्हेंडर टाउनमध्ये लोक आपल्या मेलेल्या पोकेमॉनसाठी शोक करत असतात. त्या साधेपणात पुष्कळ काही मावलेलं आहे.

पण घराचं एकमत खऱ्या अर्थाने झालं ते ‘गोल्ड’वर. 1999 चा हा गेम, जुन्या गेमबॉयच्या बेताच्या रंगांत. जोहतो हा त्यातला प्रदेश जपानच्या कान्साई भागावर बेतलेला, जुने मनोरे, लाकडी घरं. आठ बॅज मिळाले, चॅम्पियन हरला, आम्ही कॉम्प्युटर बंद करायच्या बेतात होतो. तेवढ्यात गेमने आम्हाला जहाजात बसवलं आणि पहिल्या गेमचा अख्खा कांटो प्रदेश पुढ्यात आणून ठेवला. आणखी आठ बॅज! तीन वर्षं पुढे सरकलेलं तेच जग: सिनाबार बेटावर ज्वालामुखी फुटून गेलेला, लॅव्हेंडरच्या स्मृतिमनोऱ्याचं रेडिओ केंद्र झालेलं. सगळ्यात शेवटी एका डोंगराच्या गुहेत पहिल्या गेमचा नायक रेड उभा असतो. तो एक शब्द बोलत नाही. त्याचा पिकाचू 81 व्या लेव्हलचा. आम्ही चौघंही त्या वेळी खुर्चीभोवती उभे होतो, बसायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. एवढं सगळं त्या चिमुकल्या कार्ट्रिजमध्ये मावलं, त्यात सातोरू इवाताचा मोठा हात होता. चित्रांची माहिती दाबून बसवायचं तंत्र त्याने लिहून दिलं. पुढे निन्टेन्डोचा अध्यक्ष झालेला हा माणूस 2015 मध्ये गेला, तेव्हा ती बातमी दादाने आम्हा सगळ्यांना रात्रीच पाठवली होती.

मग आमची पांगापांग झाली. दादा पुण्याला, ताई मुंबईला, मी कॉलेजच्या होस्टेलवर. ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ 2010 मध्ये आले आणि घरात पहिली फूट पडली. या गेममध्ये शेवटापर्यंत एकही जुना पोकेमॉन भेटत नाही, 156 सगळे नवे. त्यात एक आइस्क्रीमच्या कोनसारखा, एक कचऱ्याच्या पिशवीसारखा. दादाने ते पाहिलं आणि मालिकाच सोडून दिली. माझंही मन तेव्हा त्यात रमलं नाही. नोकरी लागल्यावर पुन्हा खेळलो आणि त्यातला एन भेटला. हा हिरव्या केसांचा तरुण पोकेमॉनची भाषा जाणतो आणि विचारतो, यांना पकडून, लढवून आपण यांच्यावर अन्याय करत नाही का? मालिकेने स्वतःच्याच पायाला घातलेला हा हात. शेवटी त्याच्या किल्ल्यात आपण त्याच्या खोलीत जातो. खेळण्यातली आगगाडी, चेंडू, लहान मुलाचा पसारा, आणि मागे खेळण्याच्या पेटीतून यावं तसं संगीत. या पोराला जगापासून तोडून वाढवलंय, हे ती खोलीच सांगते. कथेपुरतं बोलायचं तर ब्लॅक-व्हाइटच्या जवळपास मालिकेतला दुसरा गेम नाही, असं मी आता म्हणतो. ताई सहमत आहे. दादा नाही.

2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’बद्दल फार बोलण्यासारखं नाही. चित्रं त्रिमितीय झाली, लढाया फार सोप्या झाल्या. त्यातला वंडर ट्रेड मात्र मला मनापासून आवडायचा: आपला एक पोकेमॉन सोडायचा आणि जगाच्या पाठीवरल्या कुणा अनोळखी माणसाचा आपल्याकडे यायचा. पोकेमॉन गो आला 2016 मध्ये. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरात आला, पण पुण्या-मुंबईची पोरं त्याआधीच फोन समोर धरून देवळं, पुतळे, बागा पालथ्या घालत होती. धाकट्याचा पोकेमॉन हाच. आमचे गेम त्याला ओझरते आठवतात, पण संध्याकाळी बागेत ओळख ना पाळख अशा लोकांबरोबर एका जिमला झुंजणं त्याला आजही सांगावंसं वाटतं.

ताई लग्नानंतर सिंगापूरला गेली. ‘लेट्स गो’ हा 2018 चा गेम तिने लेकीसाठी घेतला आणि मी इथे निन्टेन्डोचा जुना स्विच मिळवला. त्यात ऑनलाइन अदलाबदल करायची तर दोघांनी तीन पोकेमॉनच्या चित्रांचा एकच संकेत निवडायचा. फोनवर ताई म्हणाली, “पिकाचू, ईव्ही, बल्बासॉर.” मी तेच दाबलं. पडद्यावर तिचं नाव आलं. मी माझा कडाब्रा पाठवला, तिने तिचा. माझ्या पडद्यावर तो पांढरा झाला, पसरला, आणि दोन चमचे हातात घेतलेला ॲलकझाम उभा राहिला. फोनवर काही वेळ दोघंही गप्प होतो. मग ती म्हणाली, “आता मचोक पाठव.”

‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये (2019) सगळे पोकेमॉन घेतले नाहीत म्हणून जगभर ओरड झाली. ती मला रास्त वाटते. वर्षानुवर्षं एका गेममधून दुसऱ्यात सांभाळून नेलेल्या सोबत्याला दारातच अडवणं या मालिकेला शोभत नाही. 2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ची अवस्था तर घाईने बाहेर काढल्यासारखी होती. चित्र अडखळायचं, माणसं जमिनीत रुतायची. तरी पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. दादा त्यावर आजही चिडतो आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण त्याच व्हायलेटमध्ये आर्व्हेन नावाचा एक पोरगा आहे. आईबापांनी वाऱ्यावर सोडलेला, आजारी कुत्र्याला वाचवायला औषधी वनस्पती हुडकणारा. प्रत्येक वनस्पती मिळाली की तो तिचं सँडविच करून कुत्र्याला भरवतो आणि कुत्रा थोडा सावरतो. भाची ते खेळताना रडली, शेजारी बसलेली ताईही. त्यासाठी मी त्या गेमचे पुष्कळ दोष पोटात घालायला तयार आहे.

सध्याचा वाद वेगळाच आहे. 2022 च्याच जानेवारीत आलेल्या ‘लेजेंड्स आर्सियस’मध्ये लिंकिंग कॉर्ड नावाची एक वस्तू आहे. ती वापरली की कडाब्रा कुणालाही न देता, आपल्या आपण ॲलकझाम होतो. या गेमने दादाला मालिकेत परत आणलं आणि त्याला ही दोरी म्हणजे न्याय वाटतो. तार नसलेल्या, एकाच कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या आपल्यासारख्या पोरांचा कुणीतरी विचार केला, असं तो म्हणतो. मला ती खटकते. एकट्याने सगळं जमायला लागलं तर ताजिरीच्या त्या तारेचं काय उरलं?

ताईने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि ती दोरी मिळते कशी ते सांगितलं. त्या गेममध्ये रानात बेशुद्ध पडलं की आपल्या पिशवीतल्या काही वस्तू तिथेच राहतात, आणि त्या हरवलेल्या पिशव्या जगभरच्या दुसऱ्या खेळाडूंच्या नकाशावर दिसतात. कुणाची पिशवी शोधून दिली की मेरिट पॉइंट्स मिळतात आणि लिंकिंग कॉर्ड त्याच पॉइंट्सवर विकत मिळते. दादाने गेले काही दिवस लढाया बाजूला ठेवल्या आहेत. तो लोकांच्या पिशव्या शोधत हिंडतो आहे.